पान आणि पाना

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या घराला चार-सहा आठवडे कचेरीची कळा येते. गल्लीतली, ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची माणसे गुणपत्रिका घेऊन येतात, चहा होतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "सर, पोराला कुठं घालू?" जणू पोरगा म्हणजे कैरीचे लोणचे आणि मी बरण्यांचा जाणकार! वास्तविक मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. पण मास्तराला सगळे कळते असा आपल्या समाजाचा एक भाबडा समज आहे, आणि तो आम्ही मास्तरांनीही मोठ्या कष्टाने जपला आहे. मी चष्मा पुसतो, गुणपत्रिका खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि गंभीरपणे सांगतो, "मुलाचा कल बघा. पदवीच घेतली पाहिजे असं काही नाही. हाताला कसब असेल तर एखादी कारागिरी शिकू द्या. श्रमाला प्रतिष्ठा आहे." माणसे माना डोलावतात, चहा संपवतात आणि पोराला कॉलेजातच घालतात.

यंदा मात्र गुणपत्रिका घरचीच होती.

आमच्या चिरंजीवांना दहावीला एक्याऐंशी टक्के पडले. आजकाल एवढ्या टक्क्यांना कोणी हत्तीवरून साखर वाटत नाही. पण पेढे वाटण्यापुरते ते पुरेसे होते. संध्याकाळी सगळे बसलो असताना माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नातवाला विचारले, "मग काय? सायन्स की कॉमर्स?"

"आयटीआय," चिरंजीव म्हणाले. "फिटरचा ट्रेड घेणार."

पेढा हातातच राहणे म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळले. मी हसून म्हणालो, "अरे, एक्याऐंशी टक्क्यांना कोणी फिटर होतं का?"

त्यावर त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले. "बाबा, गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला तुम्ही प्रमुख पाहुणे होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली होती. मी पहिल्याच रांगेत होतो."

वाचकहो, व्याख्यान देणाऱ्याने एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. टाळ्या वाजवणारे घरी जातात. पण श्रोत्यांत स्वतःचा मुलगा असेल तर तो आपल्याच घरी येतो.

ती गोष्ट मी खरोखरच रंगवून सांगितली होती. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तेच शिकवले. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले, मग लोखंडी नांगर आले आणि १९१० साली, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या एका ओसाड माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली. "आणि यातले काहीही," मी माईकजवळ तोंड नेऊन म्हणालो होतो, "विद्यापीठाच्या पदवीवर झालेले नाही!" टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

आता ती टाळी माझ्याच गालावर पडली होती.

मुळात हे फिटरचे खूळ शिरले कुठून, याचा शोध घेता उगम शिवाजी उद्यमनगरात सापडला. आमच्या कोल्हापुरात राहणाऱ्याला उद्यमनगर सांगायला नको. कोल्हापूरकराला अंबाबाईचे देऊळ नि रंकाळा जितका आपला, तितकीच ही लेथ, ड्रिल आणि फाउंड्रीची वस्तीही. सुट्टीत माझ्या जुन्या स्कूटरचा एक बुश झिजला, तो करून आणायला मी चिरंजीवांना तिथल्या एका मिस्त्रींकडे पाठवले. अर्ध्या तासाचे काम. पण स्वारी चार तासांनी उगवली. मिस्त्रींनी लोखंडाचा तुकडा चकमध्ये धरला, लेथ चालू केला, निळसर चकाकणारे कीस उडाले आणि शेवटी तो बुश नुसत्या अंगठ्याच्या दाबाने जागेवर बसला. "ढिलाही नाही आणि घट्टही नाही, बाबा!" हे सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता, की कविता शिकवताना वर्गातल्या एखाद्या तरी मुलाचा असा व्हावा म्हणून मी गेली वीस वर्षे झुरतो आहे.

त्यानंतर तो रोजच तिकडे जाऊ लागला. मला वाटले, सुट्टीतला चाळा आहे, कॉलेज सुरू झाले की जाईल.

अण्णांना मात्र तो चाळा वाटला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी समजूत काढायला गेलो तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "तुला काय माहीत भाता काय असतो!"

मला खरोखरच माहीत नव्हते. आमचे आजोबा गावचे लोहार. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, गाडीच्या चाकांच्या धावा ही सगळ्या गावाची कामे त्यांची. आणि मजुरी म्हणजे सुगीत खळ्यावर मिळणारे बलुते. अण्णा सात वर्षांचे असल्यापासून भात्यावर बसत. डोळ्यांत धूर, अंगावर ठिणग्यांचे डाग, आणि खळ्यावर गेले की उन्हात उभे राहायचे. मालकाची रास मोजून झाली, घरची पोती भरून झाली, की उरलेल्यातले सूपभर पदरात पडायचे. किती पडेल ते कामावर ठरत नसे. देणाऱ्याच्या मर्जीवर ठरे.

"मी बोर्डिंगात राहून शिकलो," अण्णा म्हणाले. "शाहू महाराजांनी १९०१ सालापासून या गावात वसतिगृहं उभी करायला घेतली, म्हणून माझ्यासारख्यांना इथं राहून शिकता आलं. मी मॅट्रिक झालो त्या दिवशी बाप काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, आता तुला कोणी 'ए लोहारा' म्हणून हाक मारणार नाही. मी मास्तर झालो. तू प्राध्यापक झालास. मी खाली ठेवलेला घण नातवानं पुन्हा उचलायचा, एवढ्यासाठी का हे सगळं केलं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. श्रमप्रतिष्ठेवर बोलणे सोपे असते. पण ज्याच्या घराण्याने श्रम केले आणि प्रतिष्ठा तेवढी मिळाली नाही, त्याच्यासमोर बोलायला जीभ जड होते. ज्यांच्या पिढ्या टाक आणि दौतीत गेल्या त्यांनी हातोड्याचे गोडवे गाणे वेगळे. आणि ज्यांच्या पिढ्या हातोड्याखाली गेल्या त्यांनी पदवीला घट्ट धरून ठेवणे वेगळे. अण्णांना धंद्याची लाज नव्हती. धंद्याबरोबर येणाऱ्या त्या हाकेची धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकले की अण्णांचेच बरोबर. पोराला सायन्सला घालायचे. हे मी आमच्या सौभाग्यवतींना स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. त्या कणीक मळत होत्या. मळता मळताच त्यांनी विचारले, "अहो, तुम्ही तासिका तत्त्वावर किती वर्षं होता?"

"अकरा."

"मे महिन्यात पगार मिळायचा?"

मी गप्प. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे. सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. एम.ए. प्रथम वर्गात झालेला, प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पार केलेला मी, अकरा उन्हाळे असा काढला आहे. माझ्याहून अधिक शिकलेले, पीएच.डी. झालेले कित्येकजण आजही तसेच काढत आहेत.

"तुमच्या एम.ए.ला मे महिन्यात पगार नव्हता," सौभाग्यवती म्हणाल्या. "माझ्या शिलाई मशीनला होता. उलट लग्नसराईत जास्तच. ब्लाउज शिवून मी घर चालवलं, पण तुमच्या एकाही पाहुण्यानं कधी 'वहिनी, तुम्ही काय करता?' म्हणून विचारलं नाही. 'सर काय करतात?' एवढंच विचारलं."

एवढे बोलून त्यांनी कणकेचा गोळा झाकून ठेवला. वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतके थोडक्यात आणि इतके नेमके बोललेले ऐकले नव्हते. किंवा त्या बोलत असतील आणि माझे लक्ष पुस्तकात असेल.

आता दोन्ही बाजूंचे साक्षीदार भक्कम झाले. तेव्हा ज्याने हे खूळ पेरले त्या मिस्त्रींनाच भेटावे म्हणून मी चिरंजीवांना घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्री साठीच्या आसपासचे. त्यांनी कापसाच्या बोळ्याने हात पुसत लोखंडी स्टूल पुढे केले. माझी अपेक्षा अशी, की ते आपल्या धंद्याची वाखाणणी करतील आणि मग मी तिच्यातले दोष काढीन. झाले भलतेच.

"सर, पोरगं चांगलं हाय. हात बी स्थिर हाय. पर तुमास्नी मी गोड गोड सांगायचा न्हाई," असे म्हणून त्यांनी उजवा हात पुढे केला. तर्जनीचे पहिले पेर नव्हते. "प्रेसवर गेलं. इस वर्साचा हुतो. ह्ये बी बघून ठेवा. आनि कंपनीत गेला की पर्मनंट झाला असं समजू नका. अप्रेंटिसचं वरीस सरलं की लई पोरास्नी नमस्कार करत्यात. मग ठेकेदाराच्या दारात उभं ऱ्हायचं."

चिरंजीवांचा चेहरा जरा उतरला. माझा जरा उजळला.

"पर दुसरं बी ऐका," मिस्त्री म्हणाले. "माज्याकडं दोन पोरं हाईत. एक बी.कॉम., एक आयटीआय. दोघं बी कामाला वाघ. पर मशीन बंद पडलं की बी.कॉम.वाला माज्याकडं बघतो, आनि आयटीआयवाला मशीनकडं बघतो. फरक हाय तो एवढाच."

मी विचारले, "म्हणजे शिक्षण नसलं तरी चालतं म्हणता?"

मिस्त्री एकदम तापले. "कोन म्हनतंय? ज्याला ड्रॉइंग वाचता येत न्हाई त्यो जन्मभर हेल्पर! माजा बाप सूतात मापायचा. इंचाची आठ सुतं, झालं काम. आता मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो, आनि गिऱ्हाईक त्याच्यावर भांडतंय. ते पलीकडचं सीएनसी बघा. त्याला हात न्हाई लावायचा, त्याला आकडं सांगायचं. एक्स किती, झेड किती. शाळंत भूमिती कशाला शिकवत्यात म्हनून मी लई शिव्या घातल्या हुत्या सर. आता पस्तावतोय."

परत येताना रस्त्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, बोट गेलं ते भीतीदायक आहे. पण तरी मला शिकायचंय." त्या 'तरी'ने माझा निम्मा विरोध गळाला. धंद्याचे नुसते चकाकणारे कीस पाहून भुललेला मुलगा वेगळा आणि तुटलेले बोट पाहूनही 'तरी' म्हणणारा मुलगा वेगळा.

उरलेला निम्मा विरोध माहिती काढण्यात गेला. इतकी वर्षे लोकांना सल्ले दिले, पण आयटीआयच्या फाटकातून आत मी कधी गेलो नव्हतो! तिथे जाऊन कळले ते असे. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० सालची आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा. म्हणजे ही काही आज उगवलेली टूम नव्हे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डरचा एक वर्षाचा. त्यानंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते, तिला विद्यावेतन मिळते. आणि मला ठाऊकच नव्हते ते हे, की दोन वर्षांचा ट्रेड पुरा केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो आणि पदविका झाली की अभियांत्रिकीच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. जागा मिळवायला गुण हवेत, पुढच्या गणिताला कष्ट हवेत, हे सगळे खरे. पण वाट बंद नाही.

ही वाट कळली तेव्हा अण्णांना काय सांगायचे ते मला उमगले. रात्री मी त्यांच्या खाटेशी बसलो. म्हटले, "अण्णा, आजोबांचा धंदा त्यांनी निवडला नव्हता. त्यांना तो जन्मानं चिकटला होता. मजुरी ठरलेली नव्हती, गाव सोडायची सोय नव्हती आणि नको म्हणायची तर नव्हतीच. तुम्ही मॅट्रिक झालात म्हणजे त्या कोंडीला दार पाडलंत. हा पोरगा त्याच दारातून बाहेर पडलेला आहे. तो परत आत जात नाहीये. तो आपल्या पायानं दुसऱ्या घरात जातोय, आणि तिथलं दार उघडं आहे की नाही ते मी बघून आलोय."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि वाचन?"

"ते सुटणार नाही."

"तू सांगू नकोस. त्यानं सांगावं."

चिरंजीवांनी दारातूनच सांगितले, "रोज अर्धा तास, अण्णा. तुम्ही सांगाल ते पुस्तक." अण्णांनी कूस बदलली. आमच्या घरात कूस बदलणे म्हणजे ठराव संमत होणे.

आता वाचकहो, यावरून आपापल्या पाल्याला उचलून उद्या आयटीआयत नेऊन घाला, असे मी म्हणत नाही. ज्याला वाचायची तहान आहे, ज्याला प्रश्न पडतात आणि पडलेले प्रश्न सोडवत नाहीत, त्याने खुशाल बी.ए. करावे, माझ्या वर्गात यावे, मी त्याला डोक्यावर घेईन. माझे दुखणे वेगळे आहे. माझ्या वर्गात मागच्या बाकांवर दरवर्षी अशी मुले येऊन बसतात, की ज्यांनी काहीच निवडलेले नसते. कोणी तरी बापाला म्हटलेले असते, "निदान ग्रॅज्युएट तरी होऊ दे." त्या 'निदान'ची तीन वर्षे होतात. पदवी मिळते, फोटो निघतो आणि मग तो मुलगा माझ्याकडे येऊन विचारतो, "सर, आता काय करू?" तीन वर्षांपूर्वी त्याच्या बापाने विचारलेला तोच प्रश्न, फरक इतकाच, की मधल्या काळात फी भरलेली असते.

पान मोठे की पाना मोठा, हा वादच मला आता पोकळ वाटतो. ज्याला पान वाचता येत नाही त्याच्या हातातला पाना हेल्परचाच राहतो, हे मिस्त्रींनी सांगितले. आणि नुसते पान वाचणाऱ्याच्या मे महिन्याचे काय होते, हे घरातून कळले. आई-बापांनी पाहायचे ते दोनच. मुलाने ही वाट खरोखर स्वतः निवडली आहे का? आणि ती चुकली असे त्याला चार वर्षांनी वाटले तर वळायला जागा आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की शेजारी काय म्हणतात हा तिसरा प्रश्न आपोआप मागे पडतो. तो सुटत नाही, मागे पडतो एवढेच. माझ्या सासूबाई अजूनही पाहुण्यांना "नातू इंजिनिअरिंगच्या लाइनला आहे," असे सांगतात. मीही दुरुस्ती करत नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

ऑगस्टपासून चिरंजीव आयटीआयला जाऊ लागले. पहिले कित्येक दिवस नुसती कानस. लोखंडाची एक पट्टी व्हाइसमध्ये पकडायची आणि घासायची. मग तिला गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. गुण्या आणि पट्टी यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा कानस. हाताला फोड आले, ते फुटले, त्यांची घट्टे झाली. मी त्याला म्हटले, "आमच्याकडे बरं असतं. थोडा उजेड दिसला तर आम्ही दोन गुण वाढवून देतो." तो हसला नाही. "इथं चालत नाही," म्हणाला.

नवरात्रात एके दिवशी तो आपली पहिली पुरी झालेली पट्टी दाखवायला घेऊन आला. मी ती हातात घेऊन "वा, वा!" म्हणालो, मला त्यातले तेवढेच कळत होते. सौभाग्यवतींनी तिच्यावरून बोट फिरवले, शिवण तपासावी तसे. मग त्याने ती अण्णांच्या हातात दिली.

अण्णांनी चष्मा लावला नाही. खिडकीशी गेले, पट्टी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली आणि एक डोळा मिटून तिच्या कडेवरून बाहेरच्या उजेडाकडे पाहत राहिले. साठ वर्षांत त्यांनी खडूखेरीज काही उचललेले मी ऐकले नव्हते. पण पट्टी धरलेला तो हात मास्तराचा नव्हता. त्यांचा अंगठा कडेवरून हळूहळू सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"डावा कोपरा अजून उंच आहे," अण्णा म्हणाले.

चिरंजीवांनी धावत जाऊन दप्तरातून गुण्या आणला. कोपरा खरोखरच उंच होता.